गाईंना सांगायचं असतं

ईसा टाउनच्या या फ्लॅटला अजून पडदे नाहीत. फ्रिज वर कसा चढवायचा यावरून विवेक खाली टेम्पोवाल्याशी हुज्जत घालतोय. आमची स्पृहा खिडकीशी उभी आहे. दीड वर्षाची. दोन वाजायला आलेत. हात मोकळे आहेत तोवर लिहून काढते, कारण विवेकला सांगून काही उपयोग नाही, हे मला कळून चुकलंय.

आज दुपारपर्यंत आम्ही बुदैयाकडच्या एका डेअरी फार्मवर राहत होतो. विवेक तिथला कूलिंग इंजिनियर, त्यामुळे गोठ्याला लागूनच बंगली मिळाली होती. फार्म चालवायचा लुट्झ नावाचा जर्मन. आखाताच्या वाळवंटात दीडशे गाई पाळायच्या, त्यांच्यावर पंखे सोडायचे, पाण्याचे फवारे मारायचे, घास जहाजातून आणायचा. आमच्या एसीचं पाणी महिनाभर पलंगावर गळत होतं. गाईंचा एक पंखा बंद पडला की मात्र विवेकला जेवणावरून उठवायचे.

लुट्झ सेहेचाळीस डिग्रीत डोक्यावर हिरवी लोकरीची टोपी घालायचा. बायको हाइके आणि दहा वर्षांची मुलगी, दोघी त्याच्यासारख्याच, पांढऱ्याफटक आणि घुम्या. त्यांनी एकदा कॉफीला बोलावलं. बिस्किटं माणशी दोन, मोजून.

त्या दिवशी त्याने ते सांगितलं. त्याच्या गावाकडे म्हणे घरातली प्रत्येक गोष्ट गाईंना जाऊन सांगायची असते. जन्म, लग्न, कोण आलं, कोण गेलं. टोपी घालून सांगायचं. फक्त मृत्यू सांगताना टोपी काढायची. त्याचा बाप वारला तेव्हा सांगायचं राहून गेलं, आणि आठवड्यात सात गाई मेल्या. म्हणून गाव सोडलं.

"इन्फेक्शन असेल," मी म्हटलं. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी आहे मी, पुण्याची.

"असेल," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच अडाणी.

घरी येऊन मी पोट धरून हसले. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर या गोऱ्यांनीच त्यावर डॉक्युमेंटरी काढली असती.

पण तो खरंच सांगायचा. बरोबर साडेबाराला, दुपारच्या दुधाआधी, गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून जर्मनमध्ये एकच वाक्य. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. त्याने तोंड उघडलं की दीडशे जबडे एकदम थांबायचे. रवंथ बंद. पंख्यांचा आवाज तेवढा उरायचा. वाक्य संपलं की पुन्हा सुरू. सवय, मी म्हणायचे. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, तसं.

मला तेव्हा खरी काळजी वेगळीच होती. स्पृहा चौदा महिन्यांची झाली तरी वजन पावणेआठ किलोवर अडलेलं. वरण-भात थुंकायची, खिमट थुंकायची. हेल्थ सेंटरमधली नर्स काटा बघून "इंशाल्ला, पुढच्या वेळी" म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

एकदा तिला कडेवर घेऊन मी गोठ्याशी उभी होते. ती चिडचिडत होती. मी वैतागून म्हटलं, "थांब, गाईलाच देऊन टाकते तुला."

दूध काढणारे गनी तिथेच होते. खेडचे, अकरा वर्षं फार्मवर. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"भाभी, यांच्यासमोर तोंडाला येईल ते बोलायचं नाय."

"का हो, गाईंना मराठी कळतं?"

"मस्करी नाय. मी रोज बोलतो यांच्याशी. ऐकतात ती."

मी हसण्यावारी नेलं. नंतर ते सुट्टीवर गावी गेले.

एका मंगळवारी लुट्झने टोपी काढली. मी पहिल्यांदाच पाहत होते. डोकं अगदी गुळगुळीत. मागे हाइके आणि मुलगी मान खाली घालून उभ्या. त्या वाक्यात मला एकच शब्द कळला. गनी.

इथले तीन वाजले तेव्हा खेडहून गनींच्या पुतण्याचा फोन आला. "तीनला तर जेवून गप्पा मारत बसलेले. पाचला गेले."

तिथले पाच म्हणजे इथले अडीच. साडेबाराला, म्हणजे तिथल्या तीनला, लुट्झ गोठ्यात उभा होता तेव्हा गनी हसत-बोलत होते. मी कागदावर मांडून बघितलं. मग ठरवलं, की पुतण्याचा घोळ झाला असणार. अशा वेळी घड्याळ कोण बघतं?

आठवड्याने हाइके दारात आली. स्पृहाकडे बघत म्हणाली, "तुम्ही हिच्याबद्दल गाईंना सांगितलंच नाही. ती इथे आहे हे त्यांना माहीत नाही. म्हणून ती वाढत नाही."

माझं डोकं फिरलं. माझ्या मुलीच्या वजनावर आता ही बोलणार!

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी स्पृहाला उचललं आणि तरातरा गोठ्यात गेले. बाहेर ऊन पांढरं झालेलं, आत फवाऱ्यांचा ओला वास. मी मोठ्याने म्हटलं, "ऐका हो, राण्यांनो! ही स्पृहा. माझ्याकडे खात नाही, पीत नाही. घ्या, तुमचीच आजपासून. मला नकोय."

आपण म्हणतोच ना असं? बोहारणीला देईन म्हणतो, वॉचमनला देईन म्हणतो. प्रत्येक आई म्हणते.

दीडशे जबडे थांबले.

मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबून राहिले. मी बोलले नाही. मग सगळे पुन्हा हलू लागले.

त्या रात्री स्पृहा वाटीभर दूध प्यायली. महिन्यात वजन दीड किलोने वाढलं. नर्सने टाळ्या वाजवल्या.

रडणं थांबलं. हात पुढे केले तर यायची थांबली. "आई" म्हणायची, तेही थांबलं. दुपारी दूध काढायचं मशीन सुरू झालं की दाराशी जाऊन उभी राहायची. आणि तोंडात काही नसताना चघळायची. जबडा आडवा, सावकाश.

"दात येतायत," विवेक म्हणाला. "वजन वाढत नव्हतं तेव्हा रडलीस, वाढलं तरी रडतेस. शुभदा, तुला काळजीला विषय लागतोच का गं?"

मी एकटीच गोठ्यात गेले. म्हटलं, "माझी आहे ती. मी सहज बोलले होते." एकही जबडा थांबला नाही. तीनदा म्हटलं. शेवटी रडत म्हटलं. एका गाईने शेपटीने माशी हाकलली.

मग मी लुट्झकडे गेले. ज्या माणसाला मी चार महिने हसत होते, त्याला म्हटलं, "तुमचं ऐकतात. तुम्ही सांगा."

"तू काय बोललीस नेमकं?"

मी इंग्रजीत सांगितलं. त्याने टोपीची कड चाचपली.

"मी त्यांच्याकडे काही मागू शकत नाही," तो म्हणाला. "मी फक्त सांगतो."

विवेकच्या मागे लागून मी हा फ्लॅट घ्यायला लावला. आज सामान भरून होईतो साडेबारा वाजले. मी स्पृहाला मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. लुट्झ गोठ्याकडे निघाला. मागून हाइके आणि मुलगी. आम्ही निघालो हे सांगणार, मी मनात म्हटलं. सांगू दे.

त्याने टोपी काढली.

मी काच खाली केली. गरम हवा आत आली. एकच वाक्य. त्यात एकच शब्द मला कळला. माझं नाव.

गोठ्यातले जबडे थांबले.

मांडीवरचाही थांबला.

स्पृहाने वळून माझ्याकडे पाहिलं. शांतपणे, पूर्ण वाक्य ऐकून घेतल्यासारखं. मग पुन्हा चघळू लागली.

तशी ती आत्ताही चघळतेय, खिडकीतून बुदैयाच्या दिशेला बघत. माझी तब्येत उत्तम आहे. नाडी मोजली, बहात्तर. विवेक जिन्यात ओरडतोय, फ्रिज वळणावर अडकलाय बहुतेक. अडीचला दोन मिनिटं आहेत.

तिचा जबडा थांबलाय.