दाबून धरलं की उमटतं

धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या शिंपिणीचा लॅपटॉप उघडून, त्याच्या पंख्यात अडकलेला धागा चिमट्याने काढत बसले होते. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकला.

"ताई, यांच्या कॉम्प्युटरवर मी नवीन सिस्टीम घेऊन बसले. सगळं गेलं. आज दहावा दिवस."

मी चिमटा खाली ठेवला. "दहावा? आणि आज सांगतेस?"

"कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

दहा दिवसांचं प्रकरण असं असतं. सिस्टीम बदलली की जुनी लगेच मरत नाही. तिचं सामान एका फोल्डरात गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलेलं असतं. दहा दिवस. मग यंत्र ते आपणहून पुसून टाकतं, कुणाला विचारत नाही. मला हे वर्गात बसून कुणी शिकवलेलं नाही. माझी शाळा सातवीला सुटली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, नवरा गेल्यावर, मोडकी यंत्रं उघडून आणि जाडजूड पुस्तकं शब्दकोशासकट वाचून शिकले. आज पदव्या घेतलेले लोक मशीन काखेत धरून माझ्या दारात उभे असतात. उगाच नम्रपणा मला जमत नाही.

उघडायला पहिलं यंत्र दिलं ते मात्र याच जावेच्या नवऱ्याने, माझ्या दिराने. "बिघडलं तर बिघडलं, वहिनी, उघडा," म्हणाले होते. भाऊजी छापखान्यात चाळीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत. न बघता खिळा उचलायचे. त्या हातांचा त्यांना भारी तोरा. म्हातारपणी तेच हात थरथरायला लागले. एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटत. कीबोर्डला त्यावर एक सोय असते. अक्षर नुसत्या स्पर्शाने उमटत नाही, दाबून धरावं लागतं. दाबलं की एक बारीक सूर वाजतो, धरून ठेवलं की दुसरा, आणि मगच अक्षर येतं. ती सोय मी त्यांना न विचारता चालू करून दिली.

"दाबून धरलं की उमटतं, भाऊजी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मला पांगळा ठरवलंत. माझ्या यंत्राला पुन्हा हात लावायचा नाही."

मी चपला घातल्या आणि निघाले. आठ महिन्यांपूर्वी ते गेले, तेव्हाही मी अंगणातूनच परतले होते.

तर पिशवीत माझा कीबोर्ड, पेन ड्राइव्ह आणि वही घेतली. यंत्रावर केलेली प्रत्येक गोष्ट मी वेळेसकट पेन्सिलीने वहीत लिहिते. लक्षात राहतं म्हणणारे लोकच शेवटी डोकं धरून बसतात. जावेच्या घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. लख्ख दुपार. भाऊजींची खोली झाडूनपुसून ठेवलेली, खुर्ची टेबलापासून जराशी मागे, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी. शाईचा वास येत होता. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाच्या खोलीत शाईचा वास.

"काय हवंय त्यातलं?" मी विचारलं.

जाऊ पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमचं पत्र."

"माझं?"

"तुम्ही गेल्यापासून ते रोज दुपारी तुम्हाला लिहायला बसायचे. 'वहिनी' लिहायचे, स्वल्पविराम द्यायचे आणि थांबायचे. पुढे हात चालायचे नाहीत. शेवटपर्यंत तेवढंच लिहिलं होतं. म्हटलं, तेवढं तरी तुम्हाला दाखवावं. पण पडद्यावर रोज विचारायचं, नवीन करू का, नवीन करू का. एक दिवस वैतागून हो म्हटलं."

"एका शब्दासाठी मला बोलावलंस?"

"हो."

"बरं केलंस," मी म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

यंत्र चालू केलं. नवीन सिस्टीम, कोरी करकरीत. भाऊजींचं एक पान नाही. कीबोर्ड मेल्यासारखा. त्यांचा काढला, माझा लावला. तोही गप्प. वहीत लिहिलं: १.५०, कीबोर्ड बदलला, फरक नाही. मग सहज एका अक्षरावर बोट ठेवून राहिले. बारीक सूर. थोड्या वेळाने दुसरा. अक्षर उमटलं.

"ही सोय कुणी चालू केली?"

जाऊ दारातच उभी होती. "तुम्ही गेलात त्याच दिवशी त्यांनी ती बंद केली. माझ्यासमोर. पुन्हा लावली नाही."

"मग तू. पुसताना शिफ्ट जरा वेळ दाबलं गेलं की ती लागते."

"कीबोर्डला मी हात लावत नाही, ताई. नुसतं टेबल पुसते." ती घुटमळली. "आणि नवीन सिस्टीम आल्यापासून दुपारचं ते वाजतं. मला वाटलं, नवीन आहे, वाजत असेल."

मी सोय बंद केली. इंटरनेटची वायर काढली. कोपऱ्यातलं गाठोडं शोधलं, होतं. पण यंत्र म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. जुन्या मालकाचं सामान नव्या सिस्टीमला परकं वाटतं. मालकी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ जातो. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. माझा कीबोर्ड काढून पिशवीत टाकला. त्यांचा टेबलावर होता, वायर गुंडाळलेली. वहीत लिहिलं: २.४०, कीबोर्ड दोन्ही काढले.

"चहा टाक," मी जावेला म्हटलं.

स्वयंपाकघरात दोघी बसलो. दोन वर्षांचं बोलायचं होतं, पण तिने साखर किती विचारलं आणि मी एक म्हटलं, एवढंच झालं. चहा कपात ओतताना आतून आवाज आला.

एक बारीक सूर.

मी कान दिला. शांतता. मग दुसरा.

"सोय बंद केलीत ना?" जाऊ हळूच म्हणाली.

"केली."

पुन्हा पहिला सूर... बराच वेळ काही नाही... मग दुसरा. यंत्राच्या बिघाडाला एक चाल असते, घड्याळासारखी. ही तशी नव्हती. मध्येच अडखळत होती. कुणीतरी अक्षर शोधतंय, सापडल्यावर त्यावर बोट ठेवतंय, आणि बोट हलू नये म्हणून सगळा जीव लावतंय, अशी.

"याच वेळी बसायचे ते..." जाऊ म्हणाली.

मी उठले. खोलीच्या दारात पोचेपर्यंत आवाज थांबला. खुर्ची होती तिथेच. कीबोर्ड टेबलावर, वायर गुंडाळलेली. शाईचा वास मात्र नुकत्याच छापलेल्या ओल्या कागदाला येतो तसा, ताजा. हिरवी पट्टी पूर्ण झाली होती.

गाठोडं उघडलं. पत्राची फाइल वरच होती. शेजारी तारीख, शेवटचा बदल कधी झाला त्याची. आजची. वेळ, तीन वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात तीन अकरा झाले होते. त्या फोल्डरात आपणहून कुणी लिहीत नाही. ते नुसतं पुसायचं राहिलेलं सामान असतं.

मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मगच उघडली. जाऊ माझ्या खांद्यामागून वाचत होती.

"वहिनी, तुम्ही म्हणालात तसं दाबून धरलं की उमटतं. मी उगाच रागावलो. अजून एक सांगायचं आहे, पण"

तिथे संपलं होतं. जाऊ खाली बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून सांगितलं, गाठोडं गेलं, आवाजही थांबला. घर रिकामं वाटतंय, म्हणाली.

याला आता तीन आठवडे झाले. पेन ड्राइव्हवरचं पत्र मी घरी माझ्या यंत्रावर ठेवलं. आठ दिवसांपूर्वी दुपारी त्यावर काम करायला बसले, तर अक्षर उमटेना. बोट धरून ठेवलं, सूर वाजला, दुसरा वाजला, उमटलं. सेटिंग पाहिलं, ती सोय बंदच दिसत होती. मग पत्र उघडलं. 'पण'च्या पुढे एक शब्द वाढला होता. आणखी तीन दिवसांनी दुसरा. आता तिथे आहे: "अजून एक सांगायचं आहे, पण इथं तुमची"

पुढचा शब्द अजून यायचा आहे. शिंपीण म्हणते, यंत्र पुसून टाक, सिस्टीम पहिल्यापासून घाल. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी अर्ध्या तासात केलंही असतं. पण मी त्या माणसाच्या कीबोर्डला एकदा न विचारता हात लावला होता. या वेळी नाही. दुपारी मी यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर येते, दार लोटते आणि इथे ओट्याशी वही घेऊन लिहीत बसते.

आत्ता आत वाजतंय. दोन सुरांमधल्या वेळाची मी रोज वहीत नोंद करते. पहिल्या दिवशी मनात वीस मोजून व्हायचे. काल नऊ झाले. अक्षर रोज लवकर उमटतंय, आणि मी कशालाच हात लावलेला नाही. आज चार.