एकशे बारावा पक्षी

पहाटेचा काळोख नुकताच विरत होता, आणि पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठावर चौदा खेकडे चौदा दिशांना पळत सुटले होते.

त्यांना मोकळं करणारा तरुण उंच होता, चष्मेवाला होता आणि आता जमिनीवर बसलेला होता. दुर्बीण डोळ्यांना लावून तळ्याकडे बघत तो उलटा उलटा सरकत आला, आणि कोमलने क्षणभर खाली टेकवलेल्या टोपलीत त्याचा पाय गेला.

“सॉरी… अहो, खरंच सॉरी!”

“सॉरी खेकड्यांना सांगा! धरा आधी!”

त्याने इमानेइतबारे समोरचाच खेकडा धरला. पुढच्या क्षणी त्याची किंकाळी तलावभर घुमली.

“फुडून नाय, मागून धरायचा!” कोमलने त्याच्या बोटाला लटकलेला खेकडा अलगद सोडवला. हसू दाबून दाबून तिचे गाल दुखायला लागले होते. “कदी खेकडा खाल्ला नाय काय?”

“नाही. आमच्यात चालत नाही. आम्ही बेने इस्राएल, इथलेच ज्यू… मी रोनेन आपटेकर. पोस्टात असतो.”

“म्हंजे हेप्झिबा मावशींचा पोरगा तुमी! माझी आय दर शुक्रवारी त्यांना मासा देते.” तिने त्याच्या रक्ताळलेल्या बोटाकडे पाहिलं, मग ओढणीच्या टोकाला बांधलेला रुमाल सोडून त्याच्यापुढे धरला. “घ्या. धुतलेला हाय.”

रुमाल घेताना त्याने मान वर केली. चष्म्याआडचे डोळे पिंगट होते… आणि जरा जास्तच वेळ तिच्यावर थांबले. कोमल घाईघाईने उरलेल्या खेकड्यांच्या मागे लागली.

त्या दिवशी, दोन हजार अकराच्या जानेवारीतल्या त्या रविवारी, तलावाकाठी पक्षीनिरीक्षकांची जत्रा भरली होती. निवृत्त शिक्षिका वसुंधराबाई दरवर्षी ही स्पर्धा घ्यायच्या. सकाळी सात ते सूर्यास्त, एका दिवसात पनवेलच्या आसपास जास्तीत जास्त जातींचे पक्षी जी जोडी पाहील, तिला करंडक. रोनेन दोन वर्षं ओळीने दुसरा आला होता. आणि आज त्याचा जोडीदार शिवा तापाने फणफणून घरी पडला होता.

“बाई, मी एकटा धावतो ना.”

“जोडीनंच, रोनेन. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेला पक्षीच यादीत धरायचा. एकट्याचं कोण खरं मानणार?”

रोनेनचे खांदे पडले. टोपली उचलून निघालेली कोमल उगाचच थांबली.

“तुमी मगाशी तळ्यात काय बघत होता? ती बिनवजनाची?”

“काय… कोण?”

“ती बघा, पानावरून चालते ती. पान बुडत नाय म्हणून आमी बिनवजनाची म्हणतो. आणि तिच्या मागं गवतात ढोकरी बसलीय. तिकडं दोन बुडबुड्या.”

रोनेनने दुर्बीण लावली. कमळपक्षी. वंचक. आणि दोन टिबुकल्या, आत्ता बुडी मारून वर आलेल्या. हे सगळं तिने अर्ध्या अंधारात, नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवायला काय? सातव्या वर्षापासून बाबाच्या होडीत जाते. पाखरांशिवाय तिथं बोलायला असतं कोण?”

खाडीकाठच्या कोळीवाड्यात सगळे तिला यावरूनच चिडवायचे. पाखरं बघून पोट भरतं काय गं, कोमल? तिला काय काय येतं हे बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आणि हा बोटाला रुमाल गुंडाळलेला माणूस तिच्याकडे असा बघत होता, की जणू तिच्या टोपलीतून मोती सांडले होते.

“आजचा एक दिवस… माझ्याबरोबर याल?”

कोमलने टोपलीकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं आणि मोबाइल कानाला लावला. “आय, मासळी बाजारासमोर ये गं. खेकडे आज तूच वीक. मला काम लागलंय!”

तेवढ्यात एक जीप शेजारी येऊन थांबली. आत जोडीदाराशेजारी कुमार होता, गेल्या दोन्ही वर्षांचा विजेता, मांडीवर हातभर लांब लेन्स. “काय आपटेकर, यंदा जोडीदार मासळी बाजारातून आणलास?”

“हो,” रोनेनच्या आधी कोमलच बोलली. “ताजी हाय. तुमचं भिंग तेवढं जपा, खाऱ्या हवेत बुरशी धरते.”

रोनेन एवढा हसला, की मोटरसायकलला किक मारायचीही विसरला.

गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते, नेऱ्याच्या बाजूने वळणं घेत पनवेलला येते आणि खाडीला मिळते. रोनेनने बेत तसाच आखला होता, नदीच्या वरच्या अंगाने सुरुवात करून पाण्याबरोबर खाली यायचं. नदीवरच्या धरणाच्या जलाशयावर ते पोचले तेव्हा पाण्यातून धुकं उठत होतं. कोमल गावातली नावं सांगायची, रोनेन त्यांची पुस्तकातली नावं लिहायचा.

“तो फावड्या. चोच बघा, फावड्यासारखी.”

“थापट्या बदक. पुढे?”

“मासेघार. त्या वाळक्या झाडावर.”

“कैकर! कोमल, कैकर आहे तो! मागच्या वर्षी मी याच्यासाठी तीन तास बसलो होतो!”

“मागच्या वर्षी मला विचारायचं ना.”

“मागच्या वर्षी,” तो वहीत बघत म्हणाला, “मी सरळ चालायचो. धडकायचं राहूनच गेलं.”

कोमलने ओढणी सारखी केली. वारा नव्हता, तरीही.

धरणाला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला मात्र शिकवायची पाळी त्याची होती. झाडीतून कुणीतरी शीळ घालत होतं. निवांत, जरा वाकडीतिकडी, एखादं पोर शाळेतून घरी जाताना घालतं तशी. कोमलने भुवई उडवली, “कोण मवाली हाय रं?”

“श्श… शीळकरी कस्तूर. डोळे मिटा. आवाज कुठून येतो ते नीट ऐका. आता… उघडा.”

तिने डोळे उघडले. ओल्या कातळावर निळ्याकाळ्या अंगाचा एक पक्षी बसला होता, खांद्यावर जांभळी झाक, आणि शीळ त्याचीच होती. जन्मभर ती याच नदीच्या पाण्यावर वाढली होती, पण तिच्या वरच्या टोकाला असं काही राहतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

नेऱ्याच्या खालच्या बाजूला, भातकापणीनंतरच्या ओल्या शेतात, गाडी अडली. पाच हातांवर मातीच्याच रंगाचा पाणलावा बसला होता, आणि रोनेनला तो काही केल्या दिसेना.

“ते काय, ढेकळाशेजारी!”

“ढेकळाशेजारी ढेकूळच आहे.”

“माझ्या बोटाकडं बघा.”

“बोटच दिसतंय.”

“मंग बोटाच्या फुडं बघा ना!” तिने वैतागून त्याची हनुवटी धरली आणि चेहरा हवा तिकडे वळवला. पाणलाव्याचा डोळा चमकला. रोनेनला तो दिसला, “सदुसष्ट” असं तो पुटपुटलाही… पण हनुवटीवरचा हात काढायचं दोघांनाही सुचलं नाही. शेवटी पाणलावाच कंटाळून उडाला.

दुपारी तीनला ते कोळीवाड्याच्या धक्क्यावर आले तेव्हा यादीत ब्याऐंशी पक्षी होते. इतकेच कुमारकडे सकाळी अकरालाच झाल्याचं वाटेत कुणीतरी सांगितलं होतं.

“हरलो,” रोनेन म्हणाला.

“आता तर माझं घर आलंय,” कोमल म्हणाली.

तिचा बाप आनंदा जाळं शिवत बसला होता. त्याने पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि होडीची दोरी सोडून लेकीच्या हातात दिली. “ओहोटी लागलीय. पाचच्या आत भायेर ये. नायतर होडी चिखलात बसल, आणि हा पोस्टवालाबी.”

कोमल वल्हवायला लागली. खारफुटीतली वाट एवढी अरुंद होती, की दोन्हीकडच्या फांद्या खांद्यांना लागत होत्या. मग एकदम आकाश उघडलं. पाणी मागे सरत होतं, खालून चकचकीत चिखल वर येत होता, आणि त्यावर जिकडे बघावं तिकडे पक्षी उतरत होते. शेकाटे, तुतवार, चिखले, पाणटिवळे. कोयत्यासारख्या वाकड्या चोचीचे कोरल. आणि पलीकडे, सांजेच्या उन्हात, रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग.

“एवढं सगळं…” रोनेनने दुर्बीण खाली केली. “पनवेलच्या एवढ्या जवळ? कोणीच येत नाही इथे?”

“कुणी विचारलंच नाय कदी.”

तो लिहीत सुटला. नव्वद. शंभर. एकशे आठ. एकशे अकरा! तेवढ्यात होडीचं बूड खरखरलं. पाणी गेलं होतं. रोनेनने बूट काढले, पँट वर केली, आणि कोमल नको नको म्हणेपर्यंत चिखलात उतरून होडी ढकलायला लागला. गुडघ्यापर्यंत रुतलेला, चष्म्याच्या काचेवर चिखलाचा थेंब, केस विस्कटलेले… आणि चेहऱ्यावर असा आनंद, की कोमल वल्हं मारायचं विसरली. त्याच्याकडे बघतच राहिली.

“उजवीकडे! काळ्या टोपीचा खंड्या! बघा, बघा!”

तिने दचकून मान वळवली. फांदी हलत होती. फांदीवर काही नव्हतं.

“पाहिलात ना? एकशे बारा!”

त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती, की कोमलची मान आपोआप होकारार्थी हलली. मग ती त्याच्या वहीकडे न बघता वल्हं मारायला लागली.

सहाला ते तलावावर पोचले. कुमारची यादी आधीच टेबलावर होती, एकशे अकरा. वसुंधराबाईंनी रोनेनची वही उलटसुलट तपासली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “एकशे बारा! रोनेन… अरे, एकाने जिंकलात!”

टाळ्या वाजल्या. बाजार आवरून आलेली कोमलची आई सोनाबाई गर्दीत घुसून शेजारणीला सांगत होती, “माजी हाय ती, माजी!” रोनेनने दोन्ही हात वर केले. आणि कोमल म्हणाली,

“बाई, त्यातला एक खोडा.”

वसुंधराबाईंनी वही पुन्हा उघडली.

“काळ्या टोपीचा खंड्या. यांनी पाहिला. मी नाय पाहिला. मान हलवली ती खोटीच.”

“अगं, पण एकाच होडीत होतात ना?” बाई म्हणाल्या. “मग तू कुठे बघत होतीस?”

कोमलने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं. कुमार हसत होता. आई बघत होती. सगळं पनवेल बघत होतं, असंच तिला वाटलं. तिने हनुवटी वर केली.

“यांच्याकडं.”

रोनेनचे कान लालबुंद झाले. दोन वर्षं दुसरा आलेल्या त्या माणसाने खिशातली पेन्सिल काढली, वही ओढून घेतली आणि काळ्या टोपीच्या खंड्यावर स्वतःच्या हाताने सरळ रेघ मारली.

“एकशे अकरा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. उलट तो हसतच होता, थांबवता येत नसल्यासारखा. “बाई, सूर्यास्ताला किती वेळ आहे?”

“नऊ मिनिटं.”

कुमार जोडीदाराला ओढत, दुर्बीण घेऊन धावला. पण तलावावरचं सगळं त्याच्या यादीत सकाळीच आलं होतं. कोमल जागची हलली नाही. तिने फक्त रोनेनची बाही धरली आणि त्याला काठावरच्या जुन्या झाडाखाली नेलं.

“बाजार सुटल्यावर मी आणि आय इथनं जातो. रोज याच टायमाला वर कुणीतरी खोकतं. वर बघा. आता माझ्याकडं नाय बघायचं हां. वर!”

“प्रयत्न करतो.”

एक मिनिट गेलं. तीन गेली. पाच. मग पानांच्या अंधारातून आवाज आला, “व्वाक!” आणि एक ठेंगणा, करडा पक्षी फांदीच्या टोकाशी आला. पाठ काळी, डोळा लाल. त्याने सावकाश पंख उघडले आणि दोघांच्या डोक्यांवरून, मावळत्या उजेडातून, खाडीच्या दिशेने निघून गेला.

“रातबगळा!” रोनेन ओरडला.

“पाहिला!” कोमल त्याच्याहून मोठ्याने ओरडली. “ह्या दोन डोळ्यांनी पाहिला! लिवा!”

मग जो गलका झाला त्याने झाडावरचे उरलेले सगळे रातबगळेही उडाले. वसुंधराबाईंनी करंडक कोमलच्या हातात दिला. कुमार जरा वेळ बाजूला उभा राहिला, मग पुढे आला आणि तिला म्हणाला, “त्या चिखलावर मलाही न्याल का कधी?” सोनाबाईने लेकीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, आणि रोनेनच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत एवढंच म्हणाली, “पोरगा चिखलात उतरतो म्हंजे बरा हाय.”

गर्दी पांगली. दोघं काठाशी उभे राहिले, मधे करंडक.

“मला एक सांगायचंय,” रोनेन म्हणाला. “मीही दिवसभर तुमच्याकडेच बघत होतो. फक्त… आधी पक्षी बघायचो, मग तुमच्याकडे. एकही चुकवला नाही. ना पक्षी, ना…”

“पोस्टातले ना तुमी,” कोमल हळूच म्हणाली. “सगळं ओळीनं.”

“कोमल, हे मी स्पर्धेपुरतं म्हणत नाहीये. आज नाही, उद्या नाही… कधीच स्पर्धेपुरतं नाही. तुमच्या घरी येऊन बाबांशी बोलायचं आहे. माझ्या आईशी मी आज रात्रीच बोलणार आहे. पुढच्या रविवारी… येऊ का मी?”

तलावातलं पाणी शेवटच्या उजेडात तांबूस झालं होतं. कोमलने करंडक आईने मागे ठेवलेल्या रिकाम्या टोपलीत ठेवला, टोपली कमरेवर घेतली, आणि त्याच्याकडे सरळ, मनसोक्त पाहिलं. आता काहीच चुकायचं नव्हतं.

“ये,” ती म्हणाली.