झेंडूच्या हाराखाली

रतनबाई नगरच्या एका लहानशा ऑफिसात आली आणि खुर्ची सोडून जमिनीवरच बसली.

"ताई, माझ्या रविराजनं मानूस मारला न्हाई."

खासगी तपासनीस मधुवंती पाठक तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांचे सहकारी यज्ञेश्वरकाका मात्र गुडघ्यांची सबब सांगून खुर्चीतच राहिले.

दसऱ्याच्या सकाळी पारनेरजवळच्या उतारावर शेतकरी श्रीमंतरावांची पेट्रोल गाडी वडावर आदळली. ते जागीच गेले. ब्रेकचं काम नुकतंच मेकॅनिक रविराजनं केलं होतं, म्हणून पोलिसांनी त्यालाच उचललं.

"अन् तो काय म्हणतो?" मधुवंतींनी विचारलं.

"कायबी न्हाई! माझ्याशी सुदिक बोलंना."

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात होती. ड्रायव्हरची बाजू चेपलेली, पण इंजिन धड. बॉनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून गेला होता. किल्ली फिरवताच गाडी अशी थरथरायला लागली, की काकांच्या कवळीला कापरं भरलं.

"प्लग गेलेत!" काकांनी निकाल देऊन टाकला.

"रेस करा."

काकांनी रेस दिली. थरथर थांबली. पाय काढला, की पुन्हा सुरू.

"प्लग गेला असता, तर रेस केल्यावरही धक्के बसले असते. कुठून तरी हवा शिरतेय, काका."

हार बॉनेटवरून पुढच्या जाळीतून ओवून घट्ट बांधलेला. गाठी सुटेनात. शेवटी कात्रीनं कापल्या, तेव्हा कुठे बॉनेट उघडलं. आत एका जाड नळीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, आणि त्या बोटाच्या बरोबर मधून पात्यानं दिलेली चीर गेली होती. कुंकू चिरेच्या दोन्ही काठांवर होतं. मधुवंतींनी चीर चिमटीत धरली. इंजिनाची थरथर थांबली.

"हीच नळी ब्रेकला जोर देते. हिच्यात हवा शिरली, की उतारावर ब्रेक पुरत नाही," त्या म्हणाल्या.

दोघं रतनबाईला घेऊन श्रीमंतरावांच्या घरी गेले.

"बांधावरनं माझं अन् दादाचं वाजलं हुतं," धाकटा भाऊ रंगनाथ गुरकावला. "पर गाडीला हात लावला न्हाई."

काकांना हाच माणूस हवा होता. चेहराच तसा मेल्याचा!

श्रीमंतरावांच्या पत्नी पुष्पावतीबाईंनी मधुवंतींनी आणलेला हार मांडीवर घेतला. "माझ्या लुगड्याच्या काठाची चिंधी. पानी लावून आवळते मी, गाठ सुटत न्हाई, कापावीच लागती."

"बांधला कधी?"

"खंडेनवमीला. रविराज गाडी देऊन गेला, मंग माझ्या लेकीनं, निकितानं इंजिनाला कुंकू लावलं, बॉनेट लावलं. मंग मी हार बांधला. पुजल्यावर दसऱ्यापतोर कुनी गाडीला हात लावत न्हाई."

"श्रीमंतरावांचा वाटेतून फोन आला होता?"

"आल्ता. म्हनले, उभी केली की थरथरती, पळवली की गुमान चालती. माघारी या म्हटलं. एरवी गाडी कुरकुरली की फिरायचेच. पर त्या दिशी निकिताच्या लग्नाची सुपारी फोडायला निघाले हुते, मुहूर्त..." बाईंना पुढे बोलवेना.

मधुवंती हळू आवाजात बोलल्या. "चीर कुंकवावरून गेली आहे, म्हणजे नळी कुंकू लावल्यावर कापली. रविराज तोवर निघून गेला होता. हाराच्या गाठी शाबूत होत्या, म्हणजे हार बांधल्यावर बॉनेट कुणीच उघडलं नाही. राहिला मधला वेळ. त्या वेळी इंजिनाजवळ एकच हात होता."

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या निकिताकडे पाहिलं.

"मला फक्त गाडी माघारी यायला हवी होती," ती म्हणाली. "मला रविराजशीच लग्न करायचं होतं. या नळीत हवा शिरली की गाडी थरथरते, हे त्यानंच दाखवलं होतं. ब्रेकचं नाही सांगितलं हो त्यानं!"

"त्याला कळलंय. म्हणून तो गप्प आहे," मधुवंती म्हणाल्या.

पुष्पावतीबाईंनी मधुवंतींचे पाय धरले. "ताई, धनी गेलं. आता पोरगी बी नेता व्हय? कुनाला सांगू नका."

"अन् माझं लेकरू?" दारातून रतनबाई म्हणाली.

निकितानं आईचे हात सोडवले आणि चप्पल घातली.

पोलीस ठाण्याच्या वाटेवर, त्याच उतारावर एस. टी. अडकली होती. काकांनी आपली गाडी थांबवली. इंजिन एकसारखं चाललं होतं, काही बिघाड नव्हता. मागच्या सीटवर निकितानं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले.

"काका," ती म्हणाली, "तेवढं इंजिन बंद करा ना."

काकांनी किल्ली फिरवली.