नडगीवरची गाठ

मनोजच्या शेतात ठिबकच्या पाइपासाठी चर खोदणारा जेसीबी दोन शेतांमधल्या धुऱ्यापाशी, बांधाजवळ, जरा तिरका गेला. शेजारच्या खुशालरावांची शेवंती मुळासकट वर आली आणि मुळांसोबत माणसाचं हाड आलं. मनोजनं यंत्र थांबवून तिथूनच पोलिसांना फोन लावला.

फौजदार करिश्मा वानखडे भातकुलीहून पोचली तोवर अर्धं गाव धुऱ्यावर गोळा झालं होतं. पंचांसमोर माती हातानं काढली गेली. सांगाडा सरळ निजवलेला होता, डोकं दक्षिणेला. वर-खाली हिरव्या नायलॉनच्या कापडाचे तुकडे चिकटलेले. मारून फेकणारा माणूस मेलेल्याची एवढी काळजी कशाला घेईल, असं करिश्माच्या मनात आलं.

गर्दीतून एक बाई पुढे आली. खुशालरावांची बायको, पार्बताबाई.

"आमचा देवा नाई न हा, मॅडम?"

देवानंद त्यांचा एकुलता एक पोरगा. चार वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी घरातून गेला. तो सुरतेला कामाला लागला, असं खुशालराव सांगत. माय मात्र रोज संध्याकाळी एक भाकर जास्तीची थापत होती. करिश्माला खोटं बोलवेना आणि खरं ठाऊक नव्हतं.

"पाहून सांगते, मावशी."

गावाचं बोट मनोजकडे होतं. धुऱ्यावरून दोन्ही घरांत जुनं भांडण, आणि त्याच पोळ्याच्या आदल्या दिवशी मनोजनं देवानंदची गचांडी धरलेली सगळ्यांनी पाहिली होती. ठाण्यातल्या लोकांनी तर त्याला आरोपी करूनही टाकलं. करिश्माला पटेना. स्वतः पुरलेलं माणूस स्वतःच उकरून पोलिसांना बोलावणारा शहाणा तिनं अजून पाहिला नव्हता.

हाडं अकोल्याला गेली. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नगमा शरीररचना शिकवायची. दोघी अकोल्याच्याच जठारपेठेतल्या, एका बाकावर बसून शिकलेल्या.

"पोरगाच आहे," नगमा म्हणाली. "दंडाच्या हाडाचं हे वरचं टोक पाहा. ही टोपी अजून सांधली नाही. म्हणजे वाढीचं वय, सोळा ते अठरा."

"आन् नडगीवर ही गाठ कायची?"

"इथं मोडली होती. लोकांना हाड म्हणजे दगड वाटतो. ते जिवंत असतं, करिश्मा. मोडलं की तिथं आधी मऊ जाळी धरते. मग हाड घडवणाऱ्या पेशी त्या जाळीत कच्चं हाड भरतात. ही गाठ तीच. पुढं दुसऱ्या पेशी कुरतडून कुरतडून तिला गुळगुळीत करतात, त्याला महिनेच्या महिने लागतात. इथं ते काम जेमतेम सुरू झालं होतं."

"म्हणजे पाय मोडल्यावर तो जगला?"

"महिना-सव्वा महिना. मेलेल्याचं हाड सांधत नाही." नगमानं गाठीजवळच्या छिद्रावर बोट ठेवलं. "इथून पू वाहिला. तो अंगात भिनून, तापानंच गेला असेल पोरगा. जोड वाकडा आहे, बांबूच्या पट्ट्या आवळून बांधलेला असावा. कुणीतरी सांभाळत होतं त्याला. पण दवाखाना दाखवला नाही."

करिश्मानं त्या गाठीवरून बोट फिरवलं. मरणाच्या दारात पडलेल्या पोराचं शरीर शेवटपर्यंत पाय दुरुस्त करत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं खुशालरावांना त्यांच्याच ओसरीवर समोर बसवलं.

"देवा कधी गेला?"

"पोळ्याले. अमरावतीच्या स्टँडवर मीच बसवून देला."

"कोणी पाहिलं?"

"कोण पाहते? मी एकटाच होतो."

"पायाले काही लागलं होतं?"

"नाई. धडधाकट होता."

"फोन येते?"

"मले येते. तिच्याजवळ देत नाई, रडत बसते थे."

"धुऱ्यावरची शेवंती इकता?"

खुशालराव पहिल्यांदाच अडखळले. दारात झेंडूचे क्रेट रचलेले होते, गावात फूल विकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"नाई," ते म्हणाले. "तेवढी नाई इकत."

मग करिश्मा चुलीपाशी गेली आणि हिरव्या कापडाचा धुतलेला तुकडा पार्बताबाईंच्या हातात दिला.

"हे त माह्या लुगड्याचं," त्या म्हणाल्या. "गोधडीले लावलं होतं. दसऱ्याच्या आधी समद्या गोधड्या धुतल्या, आंगणात वाळू घातल्या. झेंडू तोडून आली त एक कमी. चोरीले गेली म्हटलं."

"कोणत्या साली, मावशी?"

"देवा गेला त्याच साली." त्यांनी तुकडा उलटून पाहिला. "हे तुमाले कुठं भेटलं?"

करिश्मानं त्यांना धरून ओसरीवर आणलं. खुशालराव तिथंच होते आणि तिनं बोलावलेला मनोजही आला होता.

"मनोजभाऊ, तुमचा काही संबंध नाई," ती म्हणाली. "देवा मेला दसऱ्याच्या सुमारास. मेल्यावर पांघरलेली गोधडी दसऱ्याच्या धुण्यातून गेली होती. नडगी सांगते, पाय मोडल्यावर तो महिना-सव्वा महिना जगला. दसऱ्यापासून मागं मोजा, पोळा येते. म्हणजे पाय पोळ्यालेच मोडला. धडधाकट पायानं गाडीत बसला हे सांगणारा माणूस एकच आहे." ती खुशालरावांकडे वळली. "आंगणातली गोधडी चोर नेईल. पण थे देवाच्या अंगावर घालून, त्याले दक्षिणेले डोकं करून निजवणार नाई. त्याच्यावर शेवंती लावून तिचं फूल इकाचं टाळणार नाई. हे घरच्याचंच काम आहे, काका."

खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"फुलात हात घालणार नाई म्हणे. सुरतेले जातो म्हणे. सणाच्या दिवशी. मी वावरातच बैलबंडीच्या उभारीचा दांडा उपसला आन् मारला. पायच मोडला. हिनं बजावलं होतं, पुन्हा पोरावर हात उचलला त मी माहेरी जाईन. म्हणून दूर तेल्हाऱ्याले नेला, नत्थुजी हाडवैद्याकडे. बरा झाला का घरी आणू म्हटलं. पण पू झाला. नत्थुजी म्हणे, आता मोठ्या दवाखान्यात न्या. मी म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"दसरा होऊ द्या. झेंडू तोडणीवर आला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेला तो. झेंडूच्या परतीच्या गाडीतूनच आणला, रिकाम्या क्रेटाखाली."

पार्बताबाई नवऱ्याकडे पाहत होत्या.

"त्या साली माल लय चांगला आला होता," त्या हळू म्हणाल्या. "म्याच तोडला." मग त्यांनी विचारलं, "मले बलावत होता का तो?"

खुशालराव मांडीवरच्या टोपीची घडी घालू लागले.

"सांगा न."

"रोज."

पार्बताबाई भिंत धरून उठल्या आणि आत गेल्या. करिश्मा घाबरून मागोमाग गेली. त्या गोधड्यांच्या चळतीपुढे उभ्या होत्या. वरच्या दोन बाजूला सारून त्यांनी खालची धुतलेली, मऊ गोधडी काढली आणि करिश्माच्या हातावर ठेवली.

"अकोल्याहून त्याले आणसान न," त्या म्हणाल्या, "तवा याच्यात आणा."