थांबलेला काला

"अक्का, हे नाव झाकायचं!" रामहरीने वंशावळीच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर बोट ठेवले, आणि ते आपल्या काळजावरच टेकले असे मालनबाईंना वाटले… बोटाखाली दोघांच्या मधल्या बहिणीचे नाव होते. ज्ञानेश्वरी!

"पणज्याच्या बहिणींची सुदिक नावं लावलीत रे… मग सख्ख्या बहिणीचंच काय वावडं?"

"ती मेलीय आपल्याला."

"जिती हाय, रामू! कोपरगावात हाय!"

आतून भावजय दिपालीने वातावरण हलके करायला आवाज दिला, "वन्सं, तुमी बारा गावची माणसं हुडकता, आमची शेळी हरवली तवा कुठं गेल्ता?" पण कुणी हसले नाही. कुळाचा मेळावा उद्यावर आलेला.

पंचविशीत कपाळ पांढरे होऊन मालनबाई पुणतांब्याला माहेरी परतल्या, तेव्हा आई गेलेली नि रामहरी नऊ वर्षांचा. दुसरे स्थळ चालून आले होते, "रामूला कोन बघील?" एवढेच त्या म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा मिटला. त्याच वर्षी ज्ञानेश्वरीने परजातीतल्या मुलाशी लग्न केले. वडिलांनी भाऊबंद गोळा केले, गंगेच्या घाटावर जित्या पोरीचे दिवस घातले! गावाकडे गोदावरीला गंगाच म्हणतात… त्या गंगेत बहिणीच्या नावाने तिळाचे पाणी सोडायला लावले कुणाला? तर मुंडण केलेल्या कोवळ्या रामहरीला.

पुढे वडील गेले, रामहरीचा संसार झाला, आणि मालनबाईंनी हातात एक वही धरली. एसटीने गावोगाव जायचे, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना बोलते करायचे, त्र्यंबकच्या उपाध्यांच्या जुन्या चोपड्यांतून पूर्वजांची नावे उतरवायची. बावीस वर्षांत तीनशे माणसे जोडली, सहा मेळावे भरवले. लोक म्हणत, काय ही कुळाची माया! पण पांडुरंगालाच ठाऊक होते… प्रत्येक मेळाव्यात मांडवाच्या दारापाशी उभी राहून ही बाई एकच चेहरा शोधत होती!

यंदा तो सापडला. हयात सुरतेला काढून ज्ञानेश्वरी कोपरगावला परतली होती. फोनवर दोघी आधी नुसत्या रडल्या. मग ती म्हणाली, "तू नगं बोलावू, अक्का. ज्यानं पाणी सोडलं, त्यानं हाक मारावी. एवढंच मागनं हाय माझं."

आणि तोच रामहरी आता कागदाची पट्टी कापत होता.

"मोठी काप," मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या शेजारी माझं नाव हाय. ते बी झाकंल." त्यांनी बावीस वर्षांची वही त्याच्यापुढे ठेवली. "ही तुझी. उद्या मी यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी घाटावरच्या देवळात मेळाव्याचे काल्याचे कीर्तन रंगले. घरोघरची शिदोरी, कुणाच्या लाह्या, कुणाचे दही, कुणाचे लोणचे, एकाच हंडीत कालवलेली. बुवांनी गळा मोकळा सोडून सांगितले, "बाबांनो, देवानं कुणाची शिदोरी माघारी लावली न्हाई! काल्यात पडल्यावर कोनती कुणाची, हे त्याला बी निवडता आलं न्हाई!" मृदंग थांबला. आता हंडी फोडायचा मान कुळातल्या थोरल्या माणसाचा… "मालनबाई कुठायत?"

तीनशे माना वळल्या. रामहरी उठला आणि अनवाणीच घराकडे धावला.

मालनबाई देवापुढे बसल्या होत्या. देवळातला माईक इथवर ऐकू येत होता. ओठ टाळाबरोबर हलत होते, डोळे वाहत होते. रामहरी त्यांच्या पायांशी कोसळला.

"अक्का, मला तिचा राग न्हाई गं! कधीच नव्हता! …ह्या हातानं पाणी सोडलंय मी. जित्या बहिणीला! नऊ वर्साचा हुतो, पर कळत हुतं मला. तिनं 'का रे रामू?' इचारलं तर काय सांगू? ती मेलीच हाय असं म्हनत ऱ्हायलो, म्हंजी माझं पाप तरी पाप ठरायचं न्हाई…"

एक्केचाळीस वर्षे ज्याला भरवले, निजवले, त्याच्या उरातली ही आग आपल्याला कधी दिसलीच कशी नाही? सगळ्या कुळाची माणसे शोधली, आणि घरातले हे पोर हरवलेलेच राहिले! त्यांनी त्याचे डोके मांडीवर ओढून घेतले आणि मोबाईलवर नंबर लावून त्याच्या कानाला धरला.

पलीकडून "हॅलो" आले. रामहरीला नुसता हुंदका फुटला.

मग अगदी हळू आवाज आला, "रामू…? जेवलास का रे?"

"न्हाई, ताई…" तो लहान मुलासारखा रडू लागला. "काला व्हायचाय अजून. तू ये. तुझ्याबिगर हंडी फोडायची न्हाई! …वाईच दही घेऊन ये."

दोघे देवळात आले. मालनबाईंनी बुवांच्या कानाशी लागून सांगितले, "कोपरगावचं एक घर यायचंय. तासभर धरून ठिवा, महाराज."

बुवांनी एकवार त्यांच्या डोळ्यांत पाहिले. उपरणे सावरून त्यांनी नवा अभंग उचलला, टाळ पुन्हा बोलू लागले, आणि पोटात भूक घेऊन तीनशे माणसे पुन्हा माना डोलवू लागली.

मालनबाई मात्र दाराच्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या… शेजारी रामहरी.