सव्वा सेकंद जायला, सव्वा यायला

लोणारच्या चांद्रसंवाद केंद्रात डॉ. इरफान मुजावर यांनी कळ दाबली आणि वैजयंतीबाईंना पडद्यावर स्वतःचंच दर्शन घडलं. तेच मान डोलावणं, तेच हात नाचवणं. फक्त ही बाई चंद्रावर होती आणि ती माणूस नव्हती.

वैजयंतीबाई सकाळी गावातल्या शाळेत मराठी शिकवत आणि दुपारी या केंद्रातून चांद्रवसाहतीतल्या मुलांना. तिथेच जन्मलेली, मराठी घरांतली ही पोरं. अडचण एवढीच होती, की प्रकाशाला, आणि त्याच्यावर स्वार झालेल्या शब्दाला, चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला सव्वा. बाई आणि मुलं सारखी एकमेकांच्या बोलण्यात धडकत. त्या उशिराला दोन्हीकडची माणसं कंटाळली होती.

त्यावर मुजावरांनी हा तोडगा काढला होता. “प्रकाशाला काही घाई करता येत नाही,” त्यांनी समजावलं, “म्हणून तुमचं प्रतिरूपच तिकडे नेऊन ठेवलं. गावातल्या वर्गातली तुमची कित्येक वर्षांची चित्रणं त्याला पाजलीत. पुढच्या क्षणी तुम्ही काय बोलाल, ते त्याला आधीच कळतं. तुम्ही इथून नुसती दिशा द्यायची.”

पोरांनी लगेच बारसं केलं: प्रतिबाई. सगळे खूश झाले आणि महिन्याभरात वर्ग चिडीचूप झाला.

एरवी भांडून बोलणारी मुलं हाताची घडी, तोंडावर बोट ठेवल्यासारखी बसू लागली. त्यांतली रेवा तर तोंडच उघडेना. ती अडखळत बोलायची. घरीदारी कुणी तिचं वाक्य पुरं होऊ देत नसे. मराठीच्या तासाला तेवढी ती बोलायची, आणि त्या बोलण्यावर बाईंचा फार जीव होता. आता वसाहतीच्या मंडळाने कळवलं होतं, की मुलं बोलतच नसतील तर हा तास बंद. आज दुपारी मंडळ वर्ग पाहायला येणार होतं.

प्रतिरूप हुबेहूब आहे, तेव्हा दोष पोरांचाच, असं मुजावरांचं मत. बाईंनी कालच्या तासाचं चित्रण लावायला लावलं. प्रतिबाईने प्रश्न विचारला. रेवाचे ओठ किंचित हलले, पण तोवर प्रतिबाईने एक शब्द सुचवला, मग आणखी एक, आणि शेवटी उत्तरही देऊन टाकलं. रेवाने ओठ मिटून घेतले.

“ही थांबत का नाही?” बाई चिडल्या. “हे तिला शिकवलं कुणी?”

“तुम्हीच, बाई. गावातल्या वर्गात तुम्ही एक सेकंदही थांबत नाही.”

बाईंना ते चांगलंच झोंबलं. चंद्रावरच्या मुलांसाठी मी थांबायचे, त्या म्हणाल्या.

“थांबायचात, कारण प्रश्न ऐकून मुलांचे चेहरे कसे झाले, ते तुम्हाला अडीच सेकंद दिसतच नसे. मुकाट्याने वाट पाहावी लागे...” बोलता बोलता मुजावरांच्याच ते ध्यानात आलं.

बाई खुर्चीतून उठल्याच. ज्या उशिराच्या नावाने आपण बोटं मोडली, त्या उशिरातच रेवा शब्द जुळवत होती! मुजावर म्हणाले, प्रतिबाईला थांबायला शिकवता येईल, पण त्याला वेळ लागेल.

“बंद करा तिला,” बाई म्हणाल्या. “आज मीच शिकवते.”

दुपारी मंडळाची माणसं चंद्रावरच्या वर्गात येऊन बसली. बाईंनी लोणारहून विचारलं, वारा म्हणजे काय असेल? प्रश्न निघाला. चेहरे दिसेपर्यंत बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग रेवाचे ओठ हलताना दिसले.

“ज्याला... बटण नसतं... असा पंखा.”

लगेच तिघंजण तिला खोडून काढायला उठले. घंटा झाली तरी वाद मिटेना. मंडळाच्या अध्यक्षांनाही वाऱ्याबद्दल काही सांगायचं होतं, पण त्यांना कुणी बोलू देईना. मुजावर टेबलावर थापा मारत हसत होते. तास वाचला होता.

बाई हसता हसता थबकल्या. गावातल्या वर्गात, मागच्या बाकावर गौतमी बसायची. तिला त्यांनी केव्हाच मुखदुर्बळ ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावातल्या वर्गाला विचारलं, “जिथे वाराच नाही, तिथे आणखी काय नसेल?”

कुणी बोलेना. उत्तर बाईंच्या जिभेवर येऊन वळवळायला लागलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. प्रश्न चंद्राकडे निघालाय, त्यांनी स्वतःला बजावलं. सव्वा सेकंद जायला. सव्वा यायला.

“पतंग,” मागच्या बाकावरून गौतमी म्हणाली.