दुसऱ्या काचेवरचा आकडा

मोबाईल खाली ठेवा. एकदाच सांगणार आहे, मधे कुणी बोलायचं नाही.

धुळ्याचा असलम मिस्तरी. टीव्ही म्हणा, स्पीकर म्हणा, बंद पडलेलं काहीही त्याच्याकडे न्या, फॉल्ट सापडणार म्हणजे सापडणार. त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे हे. गेल्या वर्षी, भोगीच्या रात्री. दुसऱ्या दिवशी संक्रांत.

अमळनेरच्या चुडामण शेठने कुठल्याशा बंद लॉजमधून पिनबॉलचं जुनं मशीन उचललं होतं. तुम्ही पाहिलं नसेल. उतरतं लांब टेबल, त्यावर काच, आत लोखंडी गोळी. बटण दाबलं की खालच्या दोन फळ्या गोळीला टोलवतात. डोक्याकडे उभी पेटी. तिच्यात चार खेळणाऱ्यांच्या चार काचा, त्यांवर नारिंगी आकडे उमटतात. त्यातली दुसरी काच चुकत होती. आठाची मधली रेघ पेटत नव्हती, आठाचा शून्य दिसत होता. संक्रांतीला चुडामणकडे पाहुणे यायचे होते. मशीन त्याआधी चालू हवं, हा त्याचा हट्ट.

दिवसभराची कामं उरकून असलम निघाला. मोटरसायकलवर मागे धाकटा भाऊ शाहबाज. पोहोचले तेव्हा रात्रीचं जेवण आटोपून चुडामण दारातच उभा होता.

"काय मिस्तरी, आज चालू व्हई का नही?"

"आधी फॉल्ट कुठे आहे ते बघू द्या शेठ."

मशीन वरच्या मजल्यावर होतं. असलमने मागची पेटी उघडली.

"पहिली काच दुसरीच्या जागी लावायची," तो म्हणाला, "आणि दुसरी पहिलीच्या. फॉल्ट काचेबरोबर गेला तर काच खराब. जागेवर राहिला तर काच बिचारी निर्दोष."

शाहबाज जिन्यात फोनवर बोलत होता. अफरीनशी त्याचं लग्न ठरलं होतं. चुडामणने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"ह्याना डिस्प्ले बघ मिस्तरी. रातदिन चालू शे!"

शाहबाज लाजला. दोघंही हसत खाली चहाला गेले.

असलमने काचा बदलल्या. फॉल्ट जागेवरच राहिला. म्हणजे बोर्डाचं काम. त्याने मशीन बंद केलं आणि थोडा थांबला, कारण या काचांना पावणेदोनशे व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही करंट आत दबून बसतो. मग दिवा लावून पाहिलं. एका पिनेचा सोल्डरचा टाका तडकला होता. नवा टाका मारला, मशीन चालू केलं. आठ आला, पुरा आठ. मग चारही काचांवर शून्य. काम झालं. तो हत्यारं पिशवीत भरू लागला.

तेवढ्यात दुसऱ्या काचेवर आकडा उमटला.

आठशे बारा.

बटणाला कुणी हात लावला नव्हता. आठशे अकरा. आठशे दहा.

असलमच्या कपाळाला आठी पडली. पिनबॉलचा आकडा चढतो. उतरत कधीच नाही.

त्याने प्लग काढला. दिवे विझले. तीन काचा विझल्या.

दुसरी पेटलेलीच.

सातशे नव्वद...

मानेवरची शीर उडत होती. त्याने तिथे बोट ठेवलं. एक ठोका, एक आकडा. एक ठोका, एक आकडा...

तो दाराकडे पळाला. तिसऱ्या पावलाला दम कोंडला. छातीवर कुणी गुडघा रोवावा तसा. तो मागे सरकला. मशीनसमोर उभा राहिला. श्वास आला. आकडा उतरतच होता.

जाता येईना. थांबता येईना.

पाचशे...

घरी नसीम होती. दोन लेकी होत्या. असलमने काचेकडे पाहिलं. मग जिन्याकडे. त्याला एकच काम येत होतं. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं.

बदलून बघायचं.

"शाहबाज! वर ये रे."

शाहबाज आला. फोन अजून हातात.

"काय भाई?"

"माझ्या जागी उभा राहा जरा."

"का?"

"टेस्टिंग."

शाहबाज उभा राहिला. असलम बाजूला झाला. एक पाऊल. दोन. तीन. चार...

दम कोंडला नाही.

काचेवरचा आकडा थांबला नाही. जिथे होता तिथून पुढे. तीनशे चाळीस. तीनशे एकोणचाळीस. फॉल्ट जागेवरच होता. माणूस तेवढा बदलला होता.

"भाई, प्लग तर काढलेला आहे. मग हे कसं..."

असलम आणखी एक पाऊल मागे सरला.

"भाई, छातीत कसंतरी होतंय."

शाहबाजने पाय उचलला. तोंड वासलं. हवा आत जाईना. पाय परत जागेवर आला. त्याने भावाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं. पोरगं हुशार होतं.

"भाई... झालं ना टेस्टिंग? आता तुझा डाव."

असलम जागचा हलला नाही.

"थोडा वेळ तरी. मग मी परत येतो. भाई..."

शंभर...

"भाई."

असलमने फरशीकडे पाहिलं. पाहतच राहिला. वर आकडा उतरत होता, त्याचा उजेड फरशीवर हलत होता.

मग हलायचा थांबला.

चुडामण धावत आला तेव्हा शाहबाज टेबलाच्या काचेवर पालथा होता. फोनमधून अफरीन हॅलो, हॅलो म्हणत होती.

डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं. चोविसाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गुस्ल. मय्यतीला शेवटची आंघोळ घालतात ती. शाहबाजची उजवी मूठ आवळलेली होती. मामाने बोटं सोडवून पाहिली. सुटली नाहीत. दोन दांडग्या माणसांनी जोर लावला. नाही.

मग असलम पुढे आला. मनगट उचलायला त्याने हात खाली घातला.

मूठ आपणहून उघडली.

असलमच्या तळहातावर लोखंडी गोळी आली. शाहबाजचं अंग बर्फ झालेलं. गोळी गरम.

चुडामणला फोन केला. तो वर जाऊन पाहून आला. टेबलाच्या काचेला कुलूप तसंच होतं. त्या मशीनला गोळी एकच. आणि ती आतच होती.